आधी ऐका, मग ड्रायव्हरला हात लावा

(जळगावात घरगुती स्टुडिओ चालवणाऱ्या तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गाणी मी ऐकलेली आहेत. अमळनेर, शिरपूर, चोपडा, साक्री, कुठे कुठे एकेका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून तुम्ही अहिराणी गाणी रेकॉर्ड करता आणि लग्नसराईत ती गावोगाव वाजतात. कानबाईच्या जागरणाची गाणी, जात्यावरच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत त्या आज्या आता थकल्या आहेत. त्यांचा आवाज धरून ठेवायचं काम याच खोल्यांमध्ये होणार आहे. म्हणून आजचा विषय, रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरमधला आवाजाचा बिघाड ओळखणं, मला फार मोलाचा वाटतो.

मला संध्याकाळी फोन येतात, "भाऊ, आवाज येसच नही." काय केलं विचारलं की कळतं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, विंडोज नवी टाकली, आणि आता इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, विकायला काढलाय. माझं आजचं सांगणं एकच आहे. काहीही काढण्याआधी बिघाड ऐका. आवाज अजिबात नसणं, तडतड होणं, आवाज मागून येणं, सूर चढणं, या प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे, आणि तुमचे कान तयार आहेत.

माइकमधून आलेल्या आवाजाचे इंटरफेसमध्ये आकडे होतात. ते आकडे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपर्यंत नेऊन पोचवतो तो ड्रायव्हर. विंडोजमध्ये असे रस्ते अनेक आहेत. एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे जुने, विस्टापासून आलेला वासापी, आणि स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आणलेला एएसआयओ. जुन्या रस्त्यांनी जाणारा आवाज विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून जातो. तिथे ब्राउझरचा, नोटिफिकेशनचा, सगळ्यांचा आवाज एकत्र होतो आणि त्यात वेळ जातो. एएसआयओ हा मिक्सर टाळून सरळ इंटरफेसशी बोलतो. म्हणून रेकॉर्डिंगला तोच निवडायचा.

पण सॉफ्टवेअरमधल्या ड्रायव्हरच्या यादीत एएसआयओच्या नावाने तीन-चार ओळी दिसल्या तर? तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचं नाव ज्या ओळीत आहे ती घ्या. 'एएसआयओ फॉर ऑल' आपल्याकडे सरसकट टाकलं जातं. तो तुमच्या यंत्राचा ड्रायव्हर नाही. विंडोजच्याच ध्वनियंत्रणेवर त्याने एएसआयओचं आवरण चढवलेलं असतं. ज्या यूएसबी मिक्सरला कंपनीचा ड्रायव्हरच मिळत नाही तिथे तो खरोखर उपयोगी आहे. स्वतःचा चांगला ड्रायव्हर असलेल्या इंटरफेसवर त्याची गरज नाही.

आवाजच येत नसेल तर सुरुवात केबलपासून करा. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही टाइप-सी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. इंटरफेसचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. हब काढा आणि थेट पोर्टला लावा. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण पाहा, त्या माइकला तिथूनच वीज मिळते. मग सॉफ्टवेअर उघडण्याआधी ब्राउझर बंद करा, कारण बरेच एएसआयओ ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला दार उघडतात. वासापीसारखा विंडोजचा रस्ता निवडला असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का तेही बघा. एवढं सगळं ठीक असेल तेव्हाच ड्रायव्हर नव्याने टाका. इंटरफेस काढून ठेवायचा, जुना ड्रायव्हर काढायचा, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकायचा, आणि इन्स्टॉलरने सांगितल्यावरच केबल लावायची.

आता तडतड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

आवाजाचे आकडे एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्याने जातात. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. बफर २५६ आकड्यांचा आणि सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदातले आवाजाचे आकडे, ४४१०० असेल तर एक गठ्ठा ५.८ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे दर ५.८ मिलिसेकंदांत प्रोसेसरने त्या गठ्ठ्यावरचं सगळं काम, तुमचा रिव्हर्ब, तुमचं ट्यूनिंगचं प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर), सगळं संपवून पुढचा गठ्ठा तयार ठेवला पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी तिथे आवाजात फट पडते. ती फट म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारी 'तड'. बफर ६४ केला तर हाताशी दीड मिलिसेकंदही उरत नाही. बफर १०२४ केला तर तडतड थांबते, पण एका बाजूचेच २३ मिलिसेकंद होतात आणि जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून येतो आणि त्याची लय ढिली पडते. त्याला नवशिका ठरवू नका. त्याच्या कानांपर्यंत पोचणारा आवाजच चुकीचा आहे.

म्हणून गाताना बफर १२८ किंवा २५६, जड प्लगइन बंद, आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर ते चालू. मग माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. मिक्सिंगच्या वेळी बफर खुशाल १०२४ ठेवा.

आणि आपल्या खानदेशाची एक खास गोष्ट. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी आपण पंखा बंद करतो, कूलर बंद करतो, खिडक्या लावतो. लॅपटॉप तापतो. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग सकाळी व्यवस्थित चाललेलं तेच प्रोजेक्ट, तोच ड्रायव्हर, तोच बफर, दुपारी तडतडायला लागतं. सकाळ-दुपारचा हा फरक लक्षात आला तर ड्रायव्हरला हात लावू नका. लॅपटॉप उंचावर ठेवा, खालून हवा लागू द्या, दोन टेकच्या मध्ये पंखा लावा, गाणी पहाटे घ्या. चार्जर काढल्यावर तडतड सुरू होत असेल तर बॅटरी वाचवण्याची सेटिंग बदला. यूएसबी पोर्टची वीज आपोआप तोडणारी सेटिंगही बंद करा. तरीही थांबलं नाही तर 'लेटन्सीमॉन' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. दोष वाय-फायच्या ड्रायव्हरचा आहे की ग्राफिक्सच्या, ते त्यात नावानिशी दिसतं. खूपदा वाय-फाय बंद केलं की काम भागतं.

सूर चढलेला ऐकू येणं हा वेगळाच प्रकार. गाणं ४४१०० वर रेकॉर्ड झालेलं आहे, इंटरफेस ४८००० वर चालतोय आणि मध्ये रूपांतर झालेलं नाही. मग गाणं जवळपास नऊ टक्के जलद वाजतं आणि सूर साधारण दीड अर्धस्वर चढतो, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्ट्या. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी सहा ओलांडून काळी पाचच्या अलीकडे जाऊन बसतं. प्रोजेक्ट, ड्रायव्हरचं पॅनेल आणि विंडोजची साउंड सेटिंग, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

चार्जर लावल्यावर घुंई येते आणि काढल्यावर जाते, तर ती विजेची ५० हर्ट्झची बाधा आहे, ड्रायव्हरची नाही. घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. घुंई जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, गाणाऱ्याचे ओठ माइकला लागलेले असतात.

प्रश्न आला आहे, आजी समोर बसली आहे आणि सॉफ्टवेअर अडलं तर काय करायचं? तिला थांबवू नका. ती दुसऱ्यांदा तशीच गाईल याचा भरवसा नाही. मोबाइल विमान मोडवर टाकून रेकॉर्डर चालू करा, तिच्या तोंडापासून हातभर लांब, मऊ कापडावर ठेवा आणि गाणं पूर्ण होऊ द्या. खरं तर इंटरफेस नीट चालत असतानाही मोबाइल बाजूला चालू असलाच पाहिजे. आणि ती यायच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच केबलवर अर्धा तास सलग रेकॉर्ड करून ती फाइल शेवटपर्यंत ऐका.