पपईच्या झाडाचे लिंग आणि नऊ जोड्या

पपईचे खोड आडवे कापले की आत पोकळी दिसते. त्यात खरे लाकूड जवळजवळ नसते. झाड ताठ उभे राहते ते मुख्यतः सालीतील चिवट तंतूंच्या बळावर. खोडावरचे वण गळून पडलेल्या पानांचे आहेत. शेंड्यावरच्या पानांचे देठही पोकळच, आणि कधी कधी ते मीटरभर लांब असतात. कुठेही चीर पडली, की पांढरा चीक ओघळतो.

रोप लहान असताना ते नर आहे, मादी आहे की उभयलिंगी, हे पाहून सांगता येत नाही. फुले आली की मात्र शंका उरत नाही. नर झाडावर लांब, लोंबत्या दांडीला बारीक फुलांचे घोस लागतात. मादीचे टपोरे फूल पानाच्या बगलेत, खोडाला जवळजवळ चिकटून उमलते. उभयलिंगी फुलात अंडाशयाभोवती पुंकेसरही असतात, आणि त्यापासून लांबट, जाड गराचे फळ धरते. मादीचे फळ गोलसर असून त्यातली पोकळी मोठी असते.

हा सगळा फरक पेशीत कुठे दडला आहे? पपईच्या पेशीत 18 गुणसूत्रे, म्हणजे नऊ जोड्या असतात. माणसाचे आखूड वाय गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते. पपईच्या नऊही जोड्या मात्र सारख्याच दिसतात. तरीही लिंग ठरवणारा भाग आहे, आणि तो एकाच जोडीच्या एका तुकड्यापुरता मर्यादित आहे. मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय, आणि उभयलिंगीत एक्ससोबत वायचाच किंचित वेगळा प्रकार असतो. एका जनुकाच्या तीन रूपांनी हे लिंग ठरते, असा तर्क 1938 मध्ये हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडला होता. केवळ कोणत्या लिंगाची किती झाडे आली हे मोजून त्यांनी तिथवर मजल मारली, याचे आजही नवल वाटते. पपईचा जनुकसंच उलगडला तो थेट 2008 मध्ये.

त्यांच्या मोजणीतली गोम अशी, की दोन वाय एकत्र आले तर भ्रूण जगत नाही. त्यामुळे उभयलिंगी झाडाचे स्वपरागण केले, तर अपेक्षित चार भागांपैकी एक भाग बीजातच नाहीसा होतो आणि उरतात दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी. म्हणूनच उभयलिंगी फळे हवी असणारा बागाईतदार एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावतो आणि फुले दिसल्यावर एक ठेवून बाकीची उपटतो.

गुणसूत्र तेच राहिले, तरी उभयलिंगी फूल हवामानाप्रमाणे बदलते. कडक उन्हाळ्यात त्याचे अंडाशय खुरटते आणि ते नरासारखे वागू लागते. थंडीत पुंकेसर अंडाशयालाच चिकटून वाढतात, आणि मग खोलगट घड्या पडलेले, वेडेवाकडे फळ झाडावर लटकते.