डाव्या पायाची जागा

(दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धं उघडलेलं शटर, जॅकवर उचललेली छोटी गाडी.)

सकाळचे साडेनऊ. उद्यमनगरातल्या या गल्लीत शटर वर गेलं की आधी लेथचा आवाज येतो, मग चहावाला. आमची गाडी कालपासून इथंच उभी आहे. गिअरबॉक्स उतरवून पोत्यावर ठेवलाय, आणि मिस्त्रींच्या हातात नाश्त्याच्या ताटलीएवढी एक काळी चकती आहे. क्लच प्लेट.

ही प्लेट ३४ हजार किलोमीटरमध्ये संपली. याच गाडीतली पहिली, कंपनीतून बसून आलेली प्लेट १ लाख ८ हजार चालली होती. गाडी तीच, रस्तेही तेच. घरापासून शिरोली एमआयडीसी, रविवारी जोतिबा, सुट्टीत कधीतरी गगनबावडा. पहिल्या प्लेटवर गाडी आबा चालवायचे. दुसऱ्या प्लेटवर मी. म्हणून क्लच किती किलोमीटर टिकतो असं कुणी विचारलं, तर मला आता एक आकडा सांगवत नाही. तीस-चाळीस हजारांतही जातो, लाखाच्या वरही चालतो. दोन्ही मी एकाच गाडीत पाहिलंय.

(दृश्य: प्लेट जवळून. लायनिंगवर रिव्हेटची डोकी.)

मिस्त्री प्लेटच्या कडेवरून नख फिरवतात. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटची डोकी लायनिंगच्या, म्हणजे चकतीवरच्या घासणाऱ्या थराच्या, पृष्ठभागापासून साधारण एक-सव्वा मिलिमीटर खोल बसलेली असतात. हा सव्वा मिलिमीटर म्हणजेच क्लचचं आयुष्य. माझ्या प्लेटवर नख कुठंच अडकत नाही, रिव्हेट वरच आलेत. आणखी थोडे दिवस चालवली असती, तर त्याच रिव्हेटनी फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकावर, चरे पाडले असते.

हे फ्लायव्हील बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. कोल्हापूरकराला बीड काय असतं ते सांगायला नको, फाउंड्रीत कामाला असलेलं कुणी ना कुणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. इंजिनसोबत फ्लायव्हील फिरतं, त्याच्यावर प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मध्ये घट्ट दाबलेली ही चकती, जी इंजिनचं फिरणं गिअरबॉक्सला देते. पेडल पूर्ण सोडलेलं असतं तेव्हा तिन्ही एकजीव होऊन फिरतात, काहीच घासत नाही. पेडल पूर्ण दाबलं की चकती सुटी होते, तेव्हाही घासत नाही. घासते ती फक्त मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये शंभर किलोमीटर गेलात तरी प्लेटला त्याचा पत्ता लागत नाही. महाद्वार रोडच्या गर्दीतला एक किलोमीटर मात्र तिला पुरेपूर कळतो.

“बसा की गाडीत,” मिस्त्री मला म्हणाले. “चालवताय असं समजा. चौथा गिअर, रस्ता मोकळा.”

मी बसलो. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ते दारापाशी वाकले आणि काही न बोलता माझ्या बुटाकडे बोट केलं. डावा पाय पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकवलेला. मग त्यांनी पेडलच्या डावीकडचा मॅटचा कोपरा दाखवला. सगळी मॅट झिजून गुळगुळीत झालेली, तेवढा कोपरा मात्र नवा कोरा. तिथं माझा पाय कधी गेलाच नव्हता.

पायाचं नुसतं ओझं पडलं तरी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर चकती सुटी करणारं बेअरिंग, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर टेकून राहतं, चकतीवरची पकड सैल होते, आणि चढाला किंवा भरल्या गाडीला ती हळूच स्लिप मारते. वास येत नाही, आवाज येत नाही. म्हणूनच या सवयीची मला जास्त धास्ती वाटते.

(दृश्य: जोतिबाच्या घाटातली रविवारची वाहनांची रांग.)

दुसरी सवय इथली. रविवार जोतिबाचा, चढावर गाड्यांची रांग थांबत थांबत सरकते. ब्रेक सोडला की गाडी मागं जाईल, म्हणून आपण थोडी रेस देतो आणि हाफ क्लचवर गाडी जागेवर तोलून धरतो. मला हे जमायला लागलं तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! पण गाडी जागची हलत नाही म्हटल्यावर इंजिन क्लचला जी ताकद देतं, ती सगळी प्लेटवर उष्णता होऊन जळते. मिस्त्रींनी प्रेशर प्लेट उलटी केली. तिच्यावर निळसर डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा. तो जळका वास मला घाटात अनेकदा आला होता, आणि दर वेळी मी पुढच्या गाडीचा समजून काच वर केली होती.

सपाट रस्त्यावरही हिशेब असाच आहे. गाडी उचलताना इंजिनचे फेरे दुप्पट ठेवून क्लच सोडला, तर प्लेटमधली उष्णता जवळजवळ चौपट होते. दुसऱ्या गिअरवर गाडी उचलणंही तिला तितकंच महागात पडतं.

गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला लागलात की बालिंग्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या भेटतात. आबा ट्रॉलीच्या मागं चिकटायचे नाहीत. मोठं अंतर सोडायचे, पहिला गिअर टाकायचे आणि क्लच पूर्ण सोडून द्यायचे. गाडी आपली चालण्याच्या वेगानं सरकत राहायची. मागचे हॉर्न मारायचे आणि मला लाज वाटायची. ती पहिली प्लेट लाखाच्या वर कशी गेली, ते मला आज समजतंय.

सिग्नलचं थोडं वेगळं आहे. ताराराणी चौकात गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून थांबलात तर प्लेट झिजत नाही, पण सगळा भार रिलीज बेअरिंगवर येतो. न्यूट्रल करावं आणि पाय काढावा.

प्लेट संपत आल्याची खूण ओळखता येते. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र वेग घेत नाही. पेडल फार वर आल्यावर क्लच पकडायला लागतो. एवढं दिसल्यावर पुढं ढकलू नका, घाटात तर नकोच.

(दृश्य: सेंटरिंगचा दांडा, नवी प्लेट, बोल्ट आवळणारे हात.)

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही नवं बसतंय. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच पडते, मग जुनं बेअरिंग पुन्हा कशाला ठेवायचं? मिस्त्री दांडा घालून प्लेट बरोबर मधोमध आणतात आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जातात.

(दृश्य: संध्याकाळ. जोतिबाचा चढ.)

आज आबा शेजारी बसलेत. वळणाच्या अलीकडे रांग थांबली. मी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं. पुढची एसटी हलली. पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, गाडीनं पकड घेतल्याचं सीटखाली जाणवलं, तेव्हा हँडब्रेक खाली. गाडी बोटभरही मागं गेली नाही. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त खाली माझ्या पायाकडे बघितलं. तो मॅटच्या कोपऱ्यावर होता.