तात्या, काकी आणि मनीऑर्डरची पोच

नमस्कार मंडळी. कोकण मनीऑर्डरवर जगायचं, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय, भाषणात ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय. खोटं नाहीये ते, पण अर्धंच आहे असं मला आपलं नेहमी वाटत आलंय, आणि ते का वाटतं हे सांगायला मला आमच्या देवगडकडच्या वाडीतले तात्या आणि काकी पुरेसे आहेत. नातं विचाराल तर तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. दोघंही आता नाहीत.

तात्या मुंबईत कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. काकी गावी. म्हणजे लग्न झालं आणि तात्या मुंबईला निघून गेले, तेव्हा मुंबई गाठायची म्हणजे आगबोट, होडीतून बोटीपर्यंत जायचं, वर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, आणि पावसाळ्यात तर तीही बंद, मग घाटमार्गे एसटी. त्यामुळे गणपती, शिमगा नाहीतर मे महिना, एवढाच काय तो एकत्र संसार. मुंबईत राहायला गावकीची, म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, एका खोलीत पंधरा-वीस जण सहज, पाळीप्रमाणे झोपायचं, एक उठला की त्याच्याच जागेवर दुसरा आडवा, प्रत्येकाची एक ट्रंक आणि जेवायला खाणावळ. ह्याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते बऱ्याच जणांना माहीत असेल.

आता मनीऑर्डर. आजच्या पोरांना ते सांगायलाच लागेल, कारण बोट दाबलं की पैसे गेले ही त्यांची दुनिया. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटं कुपन असायचं, त्यावर दोन ओळी मजकूर लिहायला जागा, आणि पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पोच परत पाठवणाऱ्याकडे जायची. तात्या-काकींचा अर्धा पत्रव्यवहार ह्या दोन कागदांवर झालाय बघा. तात्या कुपनावर लिहायचे, बैलाचं काय झालं, कौलं परतून घे, धाकट्याला ताप होता तो गेला का. काकींना वाचता येत नव्हतं, पोस्टमन अंगणात उभं राहून मोठ्याने वाचायचा, म्हणजे सगळ्या वाडीला कळायचं तात्यांनी काय विचारलंय ते, आणि काकी पदर तोंडाला लावून आत पळायच्या. पोचेवर अंगठा. पुढे थोरली मुलगी शाळेत जायला लागली तशी काकी तिच्या पाटीवर आपलं नाव गिरवायला शिकल्या, कुणाला न सांगता, आणि एका महिन्यात मुंबईला पोच गेली ती अंगठ्याऐवजी वाकड्यातिकड्या सहीची. तात्यांनी म्हणे ती अख्ख्या खोलीला दाखवली, पाळीवरून येऊन झोपलेल्यांना उठवून.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. मनीऑर्डर यायची हे सगळे सांगतात, गावाहून काय जायचं ते कोण सांगत नाही! उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे, फणसाची साटं, मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात काकींचं एक गाठोडं असायचंच. आणि ते तांदूळ काय आकाशातून पडत नव्हते हो. भाजावळ, पेरणी, तरवा म्हणजे भाताची रोपं काढणं, लावणी, कापणी, झोडणी, नांगराला तेवढा गडी, बाकी सगळं ती बाई दोन पोरं आणि आजारी सासू सांभाळून करायची. गिरणीच्या पगारात माणूस मुंबईत राहून घर चालवायचा ते ह्या तांदळाच्या जिवावर. हे हिशेबात धरलंय कुणी?

मग १८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्या नावाने घोषणा, पहिले काही महिने सगळ्यांना वाटत होतं की मिटेल, आता मिटेल. खोलीचं भाडं थकलं, खाणावळ थकली आणि हजारो लोकांसारखे तात्याही ट्रंक घेऊन गावी आले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही म्हणतात. तात्या तर कितीतरी दिवस रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन पेपरवाल्याची वाट बघायचे.

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. लग्नाला वीस-एक वर्षं झालेली माणसं पहिल्यांदा रोज एका घरात राहायला लागली. जमेना! तात्यांना सगळं भोंग्यावर लागायचं, सातला चहा, बाराला जेवण, लावणीच्या दिवसात पण. काकी एकदा बांधावरून ओरडलेल्या मी स्वतः ऐकलंय, "अहो, तरव्याक भोंगो नाय, पावसाक इचारून काम करूचा लागता!" ट्रंक उघडली तर आत सगळ्या पोचा, महिन्यावारी दोऱ्याने बांधलेल्या. काकी हसल्या, म्हणाल्या, "ही कागदां राखून काय शिजवूचा आसा?" आणि स्वतःच्या फडताळात तारेला टोचलेली सगळी कुपनं होती, ते मात्र बोलल्या नाहीत.

सूर जुळला तो रातांब्यांवर, म्हणजे कोकमाच्या फळांवर. परसात चार झाडं होती, काकी घरापुरती आमसुलं करायच्या, तात्यांनी डोकं लावलं, बांबूच्या ताट्या केल्या एकावर एक, खाली हवा खेळेल अशा. रातांबा फोडायचा, बी बाजूला, साल उन्हात, मग मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात, पुन्हा रसात, अशी पुटं द्यायची साल काळी होईपर्यंत. मे महिन्यात वळवाचं ढग दिसलं की दोघं असेल तसे धावायचे, एक पाऊस लागला की माल बुरशीने गेला. शेजारपाजारचे पण मग रातांबे आणून द्यायला लागले. मीठ किती ह्यावर रोज भांडण, तात्या मोजून घालणार, काकी मुठीने. माल काकींच्याच मुठीचा खपायचा हो, आम्ही खाल्लाय ना दोन्ही!

बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, करायचे. लावणी झाली की काकींच्या पायाला चिखल्या आणि टाचांना भेगा, तात्या मुठेल गरम करून लावायला बसले की काकी पाय ओढून घ्यायच्या, "पाप लागतला माका!" तात्या म्हणायचे, "लागू दे, वाटून घेव." आमच्या वाडीत त्या काळी नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावणं म्हणजे चर्चेचा विषय, झाली पण चर्चा, तात्यांनी काय थांबवलं नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा मुलगा दोघांना मुंबई फिरवून आणायचं म्हणत होता. काकी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला गेल्या, आणि गेल्या कुठे, तर तात्यांची ती खोली बघायला. बघून म्हणाल्या, ह्या एवढ्याशा जागेत झोपायचात तुम्ही, आणि मी तिकडे पडवी सारवून सारवून दमायचे!

आधी तात्या गेले, मागून काही वर्षांनी काकी. ताट्या अजून आहेत, सून करते आमसुलं, आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, तो पण विकते, मे महिन्यात त्या बाजूला गेलात तर आवाजावरूनच घर सापडेल, मीठ किती घालायचं ह्यावर ती आणि आमचा भाऊ सकाळपासून सुरू असतात.