पाचोळा पेटवू नका, वाफ्यावर पसरा

(दृश्य : जुळे सोलापूर. सकाळचं अंगण, कडुनिंबाखाली पिवळा पाला, खराट्याचा आवाज.)

फाल्गुन सरत आला की कडुनिंब पान टाकतो. काही दिवस रोज सकाळी अंगणात असा सडा पडलेला असतो. तो गोळा होतो, कुंपणाशी ढीग लागतो आणि काडी ओढली जाते. धूर चार घरांत शिरतो, आणि मे महिन्यात वाफ्यावर अंथरायला काही उरत नाही.

(दृश्य : भेगाळलेली जमीन, भेगेत सोडलेली काडी.)

ही सोलापूरची काळी माती. भिजली की फुगते, वाळली की आकसते. या भेगेत वीतभर काडी गेली, तरी तळ लागला नाही. अशा जमिनीतलं पाणी नुसतं वरून उडत नाही, भेगेच्या भिंतींतून खोलातली ओलही निघून जाते. ज्वारी पिकवणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ते उगाच म्हणत नाहीत. कोळपं, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींतून बैलांनी ओढायचं अवजार, फिरलं की वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात, ओल आत कोंडली जाते. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून संशोधन होतंय, त्यातही ओल टिकवणं हाच मूळ प्रश्न. परसबागेत कोळपं फिरत नाही. तिथे कोळप्याचं काम खुरपं आणि पाचोळा मिळून करतात.

(दृश्य : पोत्यात भरलेला पाला पायाखाली तुडवला जातोय.)

कडुनिंबाचा पाला वापरायला सगळ्यात सोपा. पान बारीक, त्यामुळे थर पोकळ राहतो, हवा आणि पाणी दोन्ही खाली जातं. बदामाचं किंवा पिंपळाचं पान तसंच टाकलं तर पहिल्या पावसात एकावर एक पत्रावळीसारखं चिकटून बसतं आणि पाणी त्यावरूनच वाहून जातं. म्हणून ही पानं वाळवून पोत्यात भरायची आणि असं तुडवायचं. चुरा नको, रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे झाले की पुरे.

(दृश्य : रसवंतीबाहेरचा चिपाडांचा ढीग. कोयता.)

उन्हाळ्यात रसवंतीबाहेर हे ढीग रोज लागतात. चिपाड ताजं टाकू नका. त्यात साखर राहिलेली असते, मुंग्या लागतात, आंबूस वास सुटतो. कोयत्यानं बोटभर तुकडे करून आठवडाभर उन्हात पसरा, रोज एकदा उलथा. शेंगा चटणीच्या या गावात भुईमुगाची टरफलंही मिळतात. ती चांगली टिकतात, पण त्यांतून बुडकुजीची बुरशी येऊ शकते. कडक ऊन द्या आणि बुंध्यापासून लांब ठेवा. लाकडाचा भुसा घ्यायचा तर इंचाच्या आतच, जाड थर दिला की पाणी अडतं. प्लायवूडचा भुसा नकोच, त्यात डिंक असतो. गाजर गवत फुलावर आलं असेल तर तेही नको. आणि कडबा गुरांचा. गव्हाणीत गुरांनी टाकून दिलेली बुडखं तेवढी आपली.

(दृश्य : चार फूट बाय आठ फुटांचा वांग्याचा वाफा. खुरपं जवळून.)

आता वाफा. आधी तण मुळासकट काढायचं. हरळीचा एक तुकडा राहिला तरी ती थरातून डोकं वर काढते. मग खुरप्यानं दोन इंच माती उकरून भेगा बुजवायच्या. त्यानंतर पोटभर पाणी. हे पाणी चुकवू नका, कारण आच्छादन असलेली ओल धरतं, नसलेली आणत नाही. कोरड्या मातीवर पाचोळा टाकला तर खालची माती कोरडीच राहते.

पाणी दिल्यावर वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबली की गोळा होते आणि अंगठ्यानं टोचलं की फुटते, ती ही वेळ. चौरस फुटाला एक मूठ चाळलेलं शेणखत, आणि त्यावर पाचोळा.

थर तीन इंच. बोट उभं खुपसून मोजा. बत्तीस चौरस फुटांच्या या वाफ्याला आठ घनफूट माल लागतो, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या साडेसहा गोण्या. पसरल्यावर डोंगराएवढा वाटतो, थोड्याच दिवसांत दबून निम्मा होतो. तेव्हा वरून पुन्हा भर घाला. कुंडीला इंच-दीड इंच पुरे.

(दृश्य : हात बुंध्याभोवतीचा पाला मागे सारतायत.)

हे नीट पाहा. बुंध्याभोवती चार बोटं माती उघडी. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पाला बुंध्याला टेकला की तिथे सतत ओल राहते, साल मऊ पडते, रोप बुडाशी कुजतं. मिरची आणि पपई तर लगेच. कोरड्या दिवसांत त्याच आडोशानं वाळवी चढते. सालीवर मातीचे पापुद्रे दिसले की खरवडून काढा आणि आळ्यात निंबोळी पेंड टाका.

रोप वीतभर झाल्याशिवाय थर देऊ नका. मेथी-कोथिंबीर पेरली असेल तर उगवून वर येऊ द्या.

(दृश्य : वळवाचा वारा, उडणारा पाला. वर ठेवलेली ज्वारीची धसकटं.)

वळवाच्या वाऱ्यात पाला असा उडतो. वर धसकटं किंवा छाटणीच्या काटक्या आडव्या ठेवा आणि हलका शिपका मारा.

पाणी देतानाही एक गोष्ट सांभाळा. झारीनं वरून शिंपडलं तर पाचोळाच भिजतो, मुळं तहानलेली राहतात. पाइपचं तोंड थराखाली सरकवा. पुन्हा पाणी कधी द्यायचं हे पाचोळ्याच्या रंगावरून ठरवू नका. थर बाजूला करून बोटाची दोन पेरं मातीत घाला, गार लागलं तर थांबा. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, तिथे हे अंतर असं निभतं.

पाचोळा मातीत कालवू नका. सुकं चिपाड मातीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. वर राहिलं तर हा त्रास जवळजवळ होत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या मोठ्या पावसात, थर विरळ करा. गोगलगायी दिसल्या तर सकाळी वेचून काढा.

(दृश्य : तीन आठवड्यांनंतर. थर उचलला जातो. ओली माती, पांढरे धागे.)

हे पांढरे धागे पाचोळा कुजवणाऱ्या बुरशीचे आहेत. झाडाला त्यांचा धोका नाही, औषध मारू नका. भेग बुजलेलीच आहे. थर पुन्हा होता तसा ठेवा, बुंध्याशी चार बोटं सोडून.