पापणी लवायच्या आत: ‘किसापमाता’ कसा बांधलाय

फिलिपिनो दिग्दर्शक माइक दे लेऑन यांच्या १९८१ मधल्या ‘किसापमाता’ या सिनेमाचा शेवट मी आधीच सांगून टाकणार आहे. त्याने सिनेमा बिघडत नाही. तेव्हा मनिलातल्या बऱ्याच प्रेक्षकांनाही तो ठाऊक होता. जानेवारी १९६१ मध्ये मनिलालगतच्या सापोते रस्त्यावरच्या एका घरात पोलीस खात्यातल्या एका माणसाने आपली मुलगी आणि डॉक्टर जावई यांना गोळ्या घालून ठार केलं आणि मग स्वतःलाही संपवलं. कादंबरीकार निक हुआकिन यांनी ‘किहानो दे मनिला’ या टोपणनावाने त्यावर मोठा वृत्तलेख लिहिला. सिनेमा त्या लेखावर उभा आहे. नावाचा अर्थ पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

खून मात्र पापणी लवायच्या आत झालेला नाही, आणि पटकथेचं खरं कसब तिथेच आहे. मिला घरी सांगते की मला दिवस गेलेत, मला नोएलशी लग्न करायचंय. बाप दादोंग, निवृत्त पोलीस, आरडाओरडा करत नाही. तो अटी घालतो. पहिली अट पैशांची. फिलिपिन्समध्ये वरपक्षाने वधूपक्षाला द्यायची ‘बिगाय-काया’ नावाची जुनी चाल आहे, म्हणजे आपल्या हुंड्याच्या नेमकी उलट. दादोंग त्या चालीच्या आडून नोएलच्या घरच्यांना न झेपणारा आकडा मागतो. लग्न लागलं की दुसरी अट: नवराबायकोने इथेच राहायचं. मग आई आजारी आहे, म्हणून मुलीने आईच्या खोलीत निजायचं. सुटीसुटी करून पाहिली तर यातली एकेक मागणी कुठल्याही तऱ्हेवाईक सासऱ्याला शोभेल अशीच. घरजावई म्हणून आलेल्या नोएलला नकार द्यायला धड जागाच सापडत नाही. नोएल भित्रा वाटतो अशी तक्रार नेहमी होते. मला ती पटत नाही. नाही म्हणायची वेळ आली हे त्याला कळतं तेव्हा रात्र झालेली असते आणि फाटकाला कुलूप लागलेलं असतं.

फाटकाकडे नीट बघा. ते कोण उघडतं, कोण लावतं, कोणाला बाहेर ताटकळावं लागतं, एवढं टिपलंत तरी घरातली सत्ता कुठे आहे ते कळेल. दादोंग झालेले विक सिलायान आवाज चढवण्याची घाई करत नाहीत. जाडजूड देह, शांत सूर, आणि समोरचा गप्प होईपर्यंत रोखलेली नजर. आई देली म्हणजे चारितो सोलिस. तिला सगळं माहीत आहे, ती वाढत राहते, आवरत राहते. बाप-लेकीमधलं जे काही आहे, ते सिनेमा कुणाच्या तोंडून स्पष्ट वदवत नाही. चारो सांतोसची मिला बापाच्या चाहुलीने कशी आक्रसते, तेवढं पुरतं.

काळही विसरू नका. फिलिपिन्सचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ मध्ये लादलेला लष्करी कायदा जानेवारी १९८१ मध्ये कागदावर उठला. हुकूम काढायचे अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवले. त्याच डिसेंबरात मेट्रो मनिला महोत्सवात हा सिनेमा लागला आणि तिथला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पोशाख उतरवला तरी पोलिसाचा हुकूम घरात चालू राहतो, हे त्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अर्थात, याला नुसतं राजकीय रूपक म्हणून मोकळं होणाऱ्या समीक्षकांना त्या घरातली मुलगी दिसत नाही, असं माझं मत आहे.

आता शेवट. दोघं निसटतात. प्रत्यक्षातही निसटली होती. मग उरलंसुरलं सामान न्यायला परत येतात. इथे अनेक प्रेक्षक वैतागतात, की कपड्यांसाठी कोणी परत जातं का? पण ही गोष्ट पटकथाकारांनी रचलेली नाही. सापोते रस्त्यावरचं ते जोडपंही मुलीचं सामान आणायलाच त्या घरी परत गेलं होतं.