हँडल थरथरते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या गर्दीतून निघालेली मोटारसायकल पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर महामार्गाला लागली की वेग घेते, आणि पुढे कराडच्या वाटेवर एखाद्या ट्रकला मागे टाकताना, त्याचा आडोसा संपताक्षणी वाऱ्याचा झोत अंगावर येऊन हँडल हातात थरथरू लागते. अशा वेळी चालक वाऱ्याला दोष देतो. माझ्या मते वारा हे केवळ निमित्त असते. ती थरथर लगेच विरणार की वाढत जाणार, हे हँडलची रचना आणि निगा यांवर ठरते.

पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क मागे कललेला असतो. वेगवान गाड्यांत उभ्या रेषेशी त्याचा कोन साधारणपणे 23 ते 25 अंशांचा, तर लांब क्रूझर गाड्यांत 30 अंशांच्याही वर असतो. हँडल ज्या दांड्याभोवती फिरते त्याची रेष मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर रस्त्याला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांत ते 90 ते 110 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पाच-सहा बोटे असते. दवाखान्यातील स्ट्रेचर ढकलला की त्याची चाके आपसूक मागे वळून सरळ होतात, तसेच या अंतरामुळे पुढचे चाक सरळ राहू पाहते. ट्रेल वाढवला तर महामार्गावर गाडी निश्चल राहते, पण गणपती पेठेत वळवताना हात भरून येतात.

1971 मध्ये इंग्लंडमधील अभियंते रॉबिन शार्प यांनी या हालचालींचे गणित मांडले. पुढचे चाक सेकंदाला चार ते दहा वेळा थरथरते तो एक प्रकार, आणि मोठ्या वेगात सगळी गाडीच सेकंदाला दोन ते चार वेळा नागमोडी झुलते तो दुसरा. हँडलला डँपर, म्हणजे झटके शोषून हालचाल मंदावणारा भाग, बसवल्यास पहिला आवरतो, परंतु डँपर फार कडक असेल तर दुसरा बळावतो, म्हणून केवळ महागडा डँपर घेऊन भागत नाही. मागे जड सामान बांधल्याने पुढचे चाक हलके होते, तेही झुलण्यास कारण ठरते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या गाडीत दोष निघाला तो कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगमध्ये. डबल स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले, तेव्हा अगदी मधोमध तळहाताला बारीकशी खाच लागली. खड्ड्यांच्या आदळण्याने बेअरिंगच्या गोळ्यांनी बॉलरेसवर, म्हणजे त्या ज्या कड्यात फिरतात त्यावर, खळगे पाडले होते.

ही तपासणी घरीही करता येते. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवावा. खट्ट असा आवाज आला तर कोनसेट सैल आहे. नट वाजवीपेक्षा जास्त आवळल्यानेही गाडी सरळ धरत नाही, म्हणून शेवटी हँडल मधोमध आणून हळूच सोडावे. ते कुठेही न अडखळता, स्वतःच्या वजनाने एका कडेला पडले पाहिजे.