सुताची खतावणी आणि डॉसबॉक्स

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात सुताची खतावणी आजही डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीवरच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये लिहिली जाते. कोणत्या काउंटचे, म्हणजे जाडी-बारकाईचे, किती सूत आले, कोणत्या मागावर किती दिले आणि घट किती धरायची, हे सारे त्यात बसवलेले आहे. नोंदी दुसरीकडे उतरवून घेता येतील. पण घट धरण्याची रीत नोंदींमध्ये नसते, ती प्रोग्राममध्येच असते, आणि त्याचा मूळ कोड आता कोणाकडेही नाही.

64-बिट विंडोजमध्ये 16-बिट डॉस प्रोग्राम चालवण्याची सोय नाही. म्हणून येथे डॉसबॉक्स हा एमुलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, बसवला आहे. 2002 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे मोफत सॉफ्टवेअर जुना प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन आणि कीबोर्ड यांचे काम स्वतः वठवते. ‘माउंट’ ही आज्ञा देऊन साधे फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडले, की प्रोग्राम एका अक्षराचाही बदल न करता सुरू होतो.

यात वेगाचा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. खतावणीचा प्रोग्राम टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेला आहे. त्या काळचे असे अनेक प्रोग्राम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, संगणक किती फेऱ्या मारतो ते मोजतात आणि त्या संख्येला 55 ने भागतात. संगणक फार वेगवान असेल तर उत्तर 65,535 च्या पुढे जाते, 16 बिटांत मावत नाही, आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर 200’ उमटते. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ 11 या कळा दाबून ‘सायकल्स’, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी केल्या, की हा अडथळा दूर होतो. नव्या यंत्राला मुद्दाम संथ करणे हेच येथे खरे कौशल्य आहे.

मराठी नावांची अडचण मात्र वेगळी आहे. डॉसवर देवनागरी दिसण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागे. एमुलेटरमध्ये ते कार्ड नसेल, तर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतातील नावांच्या जागी रेघा आणि ग्रीक अक्षरे दिसतात. नावे पुसलेली नसतात. आजच्या संगणकांवरील युनिकोड संकेतातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली असल्याने ती बदलून घेता येतात. ज्यांच्या कपाटात अशा प्रोग्रामच्या फ्लॉप्या आहेत, त्यांनी नोंदींबरोबर प्रोग्रामचीही प्रत काढून घ्यावी आणि फ्लॉपी ड्राइव्ह चालू आहे तोवरच हे काम उरकावे.